इअरबड्सचा टच लॅपटॉपवर असा का वागतोय?

लोकहो, डोकं फिरायची वेळ आलीये. फोनवर डाव्या बडला दोनदा टॅप केलं की गाणं थांबतं, उजव्याला तीनदा केलं की पुढचं लागतं, ॲपमध्ये सगळं नीट सेट केलंय. पण तेच लॅपटॉपला जोडले की समोरचा व्हिडिओ चालूच राहतो आणि मागच्या कुठल्यातरी टॅबमधलं गाणं सुरू होतं, आणि काल तर मीटिंगमध्ये केस मागे सारायला हात नेला तर कॉलच कट! लॅपटॉपसाठी वेगळं सेटिंग असतं का?

➤ बहुतेक बड्समध्ये नसतं. ॲपमध्ये जे ठरवलं ते बड्समध्येच सेव्ह होतं, लॅपटॉपला नुसता 'प्ले-पॉज' किंवा 'नेक्स्ट' असा इशारा जातो, कीबोर्डवरच्या मीडिया बटणासारखाच. तो कुणी घ्यायचा हे विंडोज आणि ब्राउझर मिळून ठरवतात, त्यामुळे गाण्याचा तो टॅब बंद कर आधी.

➤ कॉलचं कारण वेगळंय. बड्सचा माइक वापरला की ते हँड्सफ्री मोडमध्ये जातात, मग टॅप म्हणजे कॉल उचलणं-ठेवणं. मीटिंगमध्ये लॅपटॉपचाच माइक निवड, आवाजही सुधारतो. मी तर सिंगल टॅप कायमचा बंद करून टाकलाय, उशीला कान टेकला तरी गाणी बदलायची.

➤ टॅब बंद केला, चाललं की राव! सिंगल टॅप बंद करायचा ऑप्शन मात्र माझ्या ॲपमध्ये दिसतच नाहीये.

➤ फर्मवेअर (बड्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघ, नाहीतर केसांना क्लिप लाव 😄