लहान मुलांसोबत अ‍ॅनिमेशनपट: कुठला दाखवायचा हे कसं ठरवता? (अनुभव लिहा)

अ‍ॅनिमेशन म्हटलं की ते मुलांचंच, असं आपण धरून चालतो. १९८८ साली जपानमध्ये स्टुडिओ घिबलीचे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित झाले. एक 'माय नेबर टोटोरो', ज्यात खलनायकच नाही. दुसरा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज', युद्धात उपासमारीने जाणाऱ्या भावंडांचा. दोन्ही हाताने चितारलेले, दोन्हींत गोड चेहऱ्याची लहान मुलं. पोस्टरवरून काय कळणार?

तीन ते आठ वर्षांच्या मुलांसोबत चित्रपट बघणाऱ्या सगळ्यांना लिहायचं आमंत्रण. चित्रपट चांगला की वाईट हे नको, ते बाकी ठिकाणी वाचायला मिळतं. तुमचं मूल कुठे थबकलं, कशाला घाबरलं, कशाला अजिबात घाबरलं नाही, आणि त्यावरून पुढचं कसं ठरवता, ते हवंय. वय जरूर लिहा, त्याशिवाय अनुभवाचा उपयोग नाही.

चार वर्षांच्या मुलाचा बाबा

आम्ही 'फाइंडिंग निमो' (२००३) लावला. सुरुवातीलाच एक मोठा मासा येतो आणि निमोची आई आणि बाकीची सगळी अंडी जातात. प्रत्यक्ष मारताना काही दिसत नाही. मुलगा रडला नाही. पण पुढे कासवं आली, शार्क आले, तरी त्याचं एकच चालू होतं, "त्याची आई कधी येणार?" शार्कला तर तो हसत होता. दात, पाठलाग, स्फोट यांचं त्याला काहीच वाटलं नाही. आई परत येत नाही, हे मात्र त्याला पटेचना.

तेव्हापासून गोष्टीतल्या आईवडिलांचं काय होतं, हे मी आधी बघतो. बहुतेक वेळा ते सुरुवातीलाच कळतं. २०१४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १९३७ ते २०१३ या काळातले मुलांचे ४५ गाजलेले अ‍ॅनिमेशनपट घेऊन त्यांची मोठ्यांच्या चित्रपटांशी तुलना केली होती. महत्त्वाचं पात्र मरण्याची शक्यता मुलांच्या चित्रपटांत अडीच पट निघाली, आणि नायकाच्या आईवडिलांच्या बाबतीत तर त्याहूनही जास्त.

बालवाडीत शिकवते

घाबरलेलं मूल रडतंच असं नाही. कॉलर तोंडात जाते, बुटाचा पट्टा उघडझाप होतो, एकदम शू लागते, पाणी हवं असतं. "मला माहितीये हे, कंटाळा आला" हेसुद्धा पुष्कळदा भीतीच असते. वर्गात एक मुलगी अवघड प्रसंग आला की पडद्याकडे पाठ करायची आणि बाकीच्या मुलांचे चेहरे बघत बसायची. ते चेहरे सैल झाले की पुन्हा वळायची. आम्ही तिला तसंच बसू दिलं. तिने तिचा मार्ग शोधला होता.

पाच-सहा वर्षांपर्यंतची मुलं दिसण्यावर जातात. कुरूप पण प्रेमळ पात्राला घाबरतील, आणि गोड चेहऱ्याच्या कपटी माणसाकडे दुर्लक्ष करतील. सगळ्यात जड जातं ते ओळखीच्या चेहऱ्याचं डोळ्यांदेखत भलतंच काहीतरी होणं. सात-आठच्या पुढे हे बदलतं. राक्षसाचं काही वाटत नाही, पण आग, चोर, हरवणं अशा खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टी मनात राहतात. म्हणून "अरे, ते खोटं आहे" याने आठ वर्षांच्या मुलाचं समाधान होतं, चार वर्षांच्याचं होत नाही. त्याला जवळ घ्यावं लागतं, नाहीतर सरळ बंद करावं लागतं.

ट्रेलरवर विसंबू नका. त्यात विनोदच असतात.

एक आजोबा, नात साडेतीन वर्षांची

तिला चित्राने काही होत नाही, संगीताने होतं. खालच्या पट्टीत व्हायोलिनं सुरू झाली की ती माझा अंगठा धरते. मी आवाज कमी करतो. बाकी सगळं बघते.

पाच वर्षांच्या मुलाची आई, मुलगा स्वमग्न आहे

आजोबांचं अगदी खरं. आमच्याकडे गोष्ट कुठली हा प्रश्न नंतर येतो, आधी आवाज, अंधार आणि मोठा पडदा. घरी आनंदाने बघितलेला चित्रपट थिएटरमध्ये त्याला असह्य होतो. काही थिएटरमध्ये दिवे मंद चालू ठेवून, आवाज कमी करून, मुलांना उठू-फिरू देणारे खेळ असतात. तसा मिळाला तर तोच घेतो. नाहीतर कान झाकणारे हेडफोन, कडेची खुर्ची, आणि "बाहेर जाऊया" म्हणाला की लगेच बाहेर. थ्रीडी नाहीच.

प्रमाणपत्र बघणाऱ्यांसाठी

मी ते बघतो, पण त्यावर थांबत नाही. ससे असलेला 'वॉटरशिप डाऊन' १९७८ साली ब्रिटनमध्ये 'यू' म्हणून आला. त्यात ससे एकमेकांना रक्तबंबाळ करतात. तिथल्या मंडळाने तो 'पीजी'त टाकला २०२२ साली! शिवाय त्यांच्याकडे 'यू' म्हणजे साधारण चार वर्षांपासून पुढे, आणि 'पीजी' म्हणजे आठेक वर्षांच्या मुलाला त्रास होऊ नये असा. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचा विचार त्यात नाहीच. एखाद्या विशिष्ट मुलाला काय लागेल हे सांगता येत नाही, असं तेही म्हणतात.

मावशी, भाची पाच वर्षांची

'टोटोरो' सगळ्यात निर्धोक म्हणून मीही सुचवते. पण त्यातली आई हॉस्पिटलमध्ये असते, आणि आम्ही तो बघितला तेव्हा ताईही ऑपरेशनसाठी अ‍ॅडमिट होती. तो मोठा केसाळ प्राणी बघून भाचीनेच निवडला होता. हॉस्पिटलची तार येते तिथे ती उठली, माझा फोन घेऊन आली आणि म्हणाली, "आईला लाव." चित्रपट थांबवला, फोन लावला, दोघींचं बोलणं झालं. मग तिनेच पुढे लावायला सांगितलं. शेवटी खिडकीत मक्याचं कणीस दिसतं तो भाग तिने परत बघितला.

त्या आठवड्यात घरात काय चाललंय, हे कुठल्याच परीक्षणात लिहिलेलं नसतं.

सहा वर्षांच्या मुलीची आई

थोडं वेगळं मत मांडते. 'द लायन किंग' (१९९४) मध्ये बाप डोळ्यांसमोर मरतो. लेक खूप रडली, आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच भाग मागितला. मग खेळ सुरू झाला: उशी म्हणजे मेलेले बाबा, आणि ही त्यांना उठवणार. बरेच दिवस चालला. एके दिवशी तिने उशीवर पांघरूण घातलं आणि दुसरंच काहीतरी खेळायला लागली.

रडू आलं म्हणून चित्रपट अयोग्य, असं मला मुळीच वाटत नाही. झोप उडाली, दिवसाही एकटं दुसऱ्या खोलीत जाईना, तर मात्र तो बाजूला ठेवायचा. एरवी दुःखाची ओळख आपल्या कुशीत बसून झालेली बरी.

बालवाडीत शिकवते (पुन्हा)

सहाव्या वर्षी, घरी, हवं तिथे थांबवता येत असेल तर पूर्ण सहमत. तीन-साडेतीनच्या मुलाला हे खेळून पार करण्याइतकी भाषा अजून आलेली नसते. तिथे मी थांबायलाच सांगेन.

दोन मुलांचा बाबा, आठ आणि तीन

आमची खरी अडचण हीच. मोठीला रहस्य हवं, धाकट्याला ते सोसत नाही. म्हणून मोठी आधी माझ्याबरोबर बघते आणि ठरवते की धाकट्याला कुठपर्यंत दाखवायचा. त्याच्याबरोबर बघताना ती आधीच सांगून टाकते, "आता तो काळा येणार, पण नंतर पळून जातो." शेवट ठाऊक असला की तो निवांत बघतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो उठून गाड्या खेळायला जातो. तेव्हा आम्ही त्याला परत बोलवत नाही.