बोलिव्हियन आणि इराणी स्थलांतरित : कमाईची तुलना करताना कोणता आकडा धरायचा?

वर्धारोड_४४

नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प करून राहिले आहे. अमेरिकेतले बोलिव्हियन आणि इराणी स्थलांतरित, दोघांची आर्थिक स्थिती शेजारीशेजारी ठेवून पाहायची आहे. अमेरिकी जनगणना खात्याच्या संकेतस्थळावरून कुटुंबाचं मध्यक उत्पन्न काढलं. इराणी पुढे असणार हे अपेक्षित होतं, पण बोलिव्हियनही एकूण लॅटिनोंच्या बरेच वर दिसतात. "इराणी शिकलेले, बोलिव्हियन मजूर" हे सरळ उत्तर मग पुरत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणता आकडा धरला तर तुलना रास्त होईल? फरकाची कारणं कुठे शोधायची? आणि बोलिव्हियन तर अमेरिकेपेक्षा अर्जेंटिनात कितीतरी जास्त आहेत, ते सोडून दिलं तर चालेल का? एक्सेल बऱ्यापैकी येतं, प्रोग्रामिंग येत नाही.

गणिताची_वही

ताई, या जोडीसाठी कुटुंबाचं उत्पन्न हाच सगळ्यात फसवा आकडा आहे. घरातल्या १५ वर्षांवरच्या सगळ्यांची कमाई त्यात एकत्र होते. समजा एका घरात बांधकामावर जाणारा नवरा, सफाईची कामं करणारी बायको आणि सोबत राहणारा मेहुणा, तिघंही वर्षाला प्रत्येकी ३०,००० डॉलर आणतात. दुसऱ्या घरात एकटी फार्मासिस्ट ९०,००० आणते. तक्त्यात दोन्ही घरं सारखीच. बोलिव्हियन घरांत माणसं जास्त, कमावते हात जास्त. इराण्यांत वयस्क आणि निवृत्त लोक जास्त. म्हणजे एकाचा आकडा फुगतो आणि दुसऱ्याचा दबतो.

तयार तक्त्यांवर भागणार नाही. बी०३००१ मध्ये बोलिव्हियन सापडतात, बी०४००६ मध्ये इराणी, पण पहिला तक्ता लॅटिनो मूळ विचारतो आणि दुसरा वंश. दोन्हींत अमेरिकेत जन्मलेली मुलंही येतात. शिवाय तेहरानहून ग्लेनडेलला आलेला आर्मेनियन माणूस वंशाच्या रकान्यात "आर्मेनियन" लिहितो, म्हणजे तो इराण्यांतून गळतो. बी०५००६ जन्मदेशाचा तक्ता आहे, त्यात दोन्ही देश मिळतात, पण नुसती डोकी मोजलेली. म्हणून व्यक्तिगत नोंदींची फाइल, म्हणजे पम्स, घ्या. जन्मस्थानाचा रकाना पीओबीपी : इराण २१२, बोलिव्हिया ३६१.

एका वर्षाची फाइल घेऊ नका. तो साधारण १ टक्क्याचा नमुना असतो. बोलिव्हियात जन्मलेले अमेरिकेत ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे हाती सुमारे ८०० माणसं. त्यातली मुलं-म्हातारे वगळा, मग आगमनाच्या वर्षानुसार आणि शिक्षणानुसार तुकडे करा, एकेका तुकड्यात फार थोडी उरतील. त्यावर काही सांगता येत नाही. पाच वर्षांची फाइल घ्या. ती थेट एक्सेलमध्ये मात्र उघडायला जाऊ नका. एक्सेलच्या ओळी १०,४८,५७६ ला संपतात आणि देशभराच्या पाच वर्षांच्या फाइलीत दीड कोटीच्या वर माणसं असतात. उघडली तरी खालची सगळी कापली जातील. जनगणना खात्याचं एमडॅट नावाचं साधन ब्राउझरमध्येच गाळणी लावून देतं. तिथे पीओबीपीवर हे दोन देश निवडा आणि तेवढाच तुकडा उतरवून घ्या.

पुढे चुका होतात त्या अशा. पाच वर्षांच्या फाइलीत प्रत्येक नोंद आपापल्या वर्षाच्या डॉलरमध्ये असते, म्हणून उत्पन्नाला त्याच ओळीतल्या एडीजेइंकने (महागाईची दुरुस्ती करणारा आकडा) गुणा आणि १०,००,००० ने भागा. हे राहिलं तर महागाईच वाढ म्हणून दिसेल. माणसांची आकडेवारी काढताना वजन (नमुन्यातली एक नोंद किती जणांच्या जागी धरायची तो आकडा) पीडब्ल्यूजीटीपी, घरांची काढताना डब्ल्यूजीटीपी. घराचं उत्पन्न माणसांच्या ओळींवर मोजलं तर सहा जणांचं घर सहा वेळा मोजलं जातं आणि मोठ्या घरांकडे झुकतं माप जातं. सरासरी काढू नका, मध्यकच घ्या. फार वरची उत्पन्नं गोपनीयतेसाठी मुळातच बदलून दिलेली असतात.

अजून एक. इराण्यांत स्वतःचा धंदा करणारे खूप. "धंद्याचं उत्पन्न" हा रकाना पाहून ते मोजले तर बरेच निसटतात. ज्यांनी धंद्याची कंपनी केली आहे (कामाच्या प्रकाराचा रकाना सीओडब्ल्यू, त्यात ७; कंपनी न करता धंदा करणारे ६), ते स्वतःला पगार देतात आणि तो पगाराच्या रकान्यात जातो. म्हणून ६ आणि ७ दोन्ही धरा आणि पगार व धंदा मिळून कमाई बघा.

माझं म्हणणं असं की २५ ते ६४ वयाचे, पूर्णवेळ काम करणारे घ्या आणि प्रत्येकाची कमाई पाहा. आगमनाच्या वर्षानुसार (वायओईपी) तीन गट पाडा : १९९० पूर्वी, १९९० ते २००७, २००८ नंतर. प्रत्येक गटात पदवी असलेले (शिक्षणाचा रकाना एससीएचएल, २१ आणि वर) आणि नसलेले वेगळे करा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पदवी असलेल्यांच्या रांगेत आहे, कारण शिक्षण सारखं धरल्यावर जो फरक उरतो तोच समजावून सांगायचा आहे.

इतवारीकर

वरच्या पोस्टमध्ये जागेचा मुद्दा राहिला. इराण्यांचा मोठा जथा लॉस एंजेलिसच्या भागात आहे : वेस्टवुड, बेव्हर्ली हिल्स, एन्सिनो, खाली अर्व्हाइन. बोलिव्हियन मात्र वॉशिंग्टनच्या उपनगरांत एकवटलेत, उत्तर व्हर्जिनियाच्या आर्लिंग्टन आणि फेअरफॅक्स काउंटीत. सरकारी खर्चावर चालणारा तो भाग, मजुरी चढी, बांधकाम जोरात. बोलिव्हियन "इतर लॅटिनोंच्या वर" दिसतात त्यात या भूगोलाचा वाटा मोठा आहे. तुमच्या सोयीची गोष्ट अशी की फेअरफॅक्समध्ये इराणीही बरेच आहेत. दोन्ही गट त्याच काउंटीत पकडा, मग भाडं आणि मजुरीचे दर दोघांना सारखेच लागू होतील. फाइलीत सगळ्यात लहान भूभाग म्हणजे पूमा, किमान १ लाख वस्तीचा. २०२२ पासून पूमांच्या सीमा बदलल्या, त्यामुळे ते वर्ष ओलांडणाऱ्या फाइलीत जुन्या-नव्या सीमांचे दोन रकाने येतात. एकच वापरला तर बरेच लोक रिकाम्या जागी जाऊन बसतात.

आता कारणांकडे. कोण किती शिकलं याच्याही आधी, कोण कोणत्या कागदावर आणि कधी आलं ते बघा.

इराणी लोक १९७९ च्या क्रांतीच्या आधीपासूनच येत होते, विद्यार्थी म्हणून. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत इराण पहिल्या क्रमांकावर होता. १९७९-८० साली ही संख्या ५१,००० च्या आसपास होती, त्यात अभियांत्रिकीचे भरपूर. १९७९ मध्ये तिकडे सत्ता उलटली तेव्हा ही मुलं अमेरिकी पदवी आणि इंग्रजी घेऊन तिथेच होती. परदेशी पदवी ग्राह्य धरली जात नाही ही अडचण त्यांना आलीच नाही. त्यांच्यामागून आलेल्या वडीलधाऱ्यांना आली. तेहरानचा डॉक्टर असला तरी परीक्षा आणि रेसिडेन्सी (इस्पितळातलं प्रशिक्षण) नव्याने, आणि पन्नाशीत ते जमत नाही.

पैशाचंही तसंच. १९७८ मध्ये डॉलर साधारण ७० रियालला होता. तेव्हा घर विकून निघालेल्याच्या हाती भांडवल आलं. १९८०च्या दशकाच्या शेवटी खुल्या बाजारात डॉलर हजार रियालच्या वर गेला. तेच घर, तोच मालक, दहा वर्षं उशीर, आणि हातात जवळपास काहीच नाही. "इराणी श्रीमंत म्हणून आले" हे एका ठरावीक लाटेपुरतंच खरं आहे. आगमनाचे गट पाडताना म्हणूनच १९८० च्या आधीचे आणि नंतरचे वेगळे ठेवता आले तर ठेवा.

आपल्या नागपुरातली सिंधी लोकांची वस्ती जरीपटका आठवून पाहा. सिंध सोडून आलेल्यांचा जमीनजुमला मागेच राहिला, पण व्यापाराची जाण आणि ओळखीपाळखी सोबत आल्या. लॉस एंजेलिसच्या दागिने बाजारात आणि कापडाच्या घाऊक बाजारात इराणी ज्यूंचं तसंच झालं. तेहरानच्या बाजारातली उधारी, तोंडी शब्दावर माल देणं, नात्यातला जामीन, हे सगळं तिथे जसंच्या तसं कामी आलं.

शेतीभाती_विदर्भ

बोलिव्हियाची बाजू मी मांडतो. तिथे १९८२ ते ८५ महागाई हाताबाहेर गेली, एकट्या १९८५ सालात काही हजार टक्के. त्या ऑगस्टमध्ये २१०६० क्रमांकाचा हुकूम निघाला, सरकारी खर्च छाटला गेला. दोन महिन्यांत जगाच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला. कोमिबोल या सरकारी खाण महामंडळातून २०,००० वर कामगार घरी गेले. खाणवाले बहुतेक एल आल्तो, चापारे किंवा सीमेपलीकडे अर्जेंटिनात गेले. व्हर्जिनियात पोचले ते जास्त करून कोचाबांबाच्या वरच्या खोऱ्यातले, तराता, आर्बिएतो, पुनाता भागातले शेतकरी.

इथे एक तारीख लिहून ठेवा. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने कागदपत्रं नसलेल्यांना कायम केलं, पण अट होती १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहत असल्याची. बोलिव्हियन लाट त्या तारखेनंतर उसळली. पर्यटक व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर थांबलेला सुतार त्या दारातून आत जाऊच शकला नाही. परवाना काढता येत नाही, बँकेचं कर्ज नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या ठेक्यावरच राबतो. तिकडे क्रांतीमुळे इराण्याला आश्रयाचा अर्ज करायला आधार मिळाला. हातातलं कसब सारखं असलं तरी कागदामुळे वीस वर्षांत फरक पडतोच. फाइलीत कायदेशीर दर्जा विचारलेला नसतो. सीआयटी रकान्यात ४ म्हणजे नागरिकत्व घेतलेले, ५ म्हणजे नसलेले, तेवढाच धागा हाती लागतो.

अर्जेंटिना सोडू नका. २०१० च्या जनगणनेत तिथे बोलिव्हियात जन्मलेले ३,४५,२७२ होते. ला प्लाता आणि एस्कोबारच्या भाजीपट्ट्यात ते कसे वर चढतात हे समाजशास्त्रज्ञ रोबेर्तो बेनेन्सिया यांनी "बोलिव्हियन शिडी" म्हणून मांडलं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी रोजदार, मग बटईदार, मग ठेक्याने जमीन घेणारा, आणि फार थोडे शेवटी मालक. बटईदार कुटुंबासकट राबतो, जमीन-बियाणं मालकाचं, विक्रीतला ठरलेला हिस्सा याचा. रोजदाराला बुडण्याची भीती नाही. बटईदाराला आहे, कारण टोमॅटोचा भाव पडला की घरच्या चार माणसांची मजुरी बुडते.

शिडी तिसऱ्या पायरीवर अडते. ठेका दोन-तीन वर्षांचा, म्हणून पक्कं घर बांधता येत नाही. लाकडी फळ्यांच्या खोपटात राहायचं, उठायची वेळ आली की फळ्या काढून घेऊन जायच्या. हरितगृहाचा प्लास्टिक कागद दोन-तीन वर्षांत फाटतो, त्याची किंमत डॉलरच्या हिशेबाने आणि भाजीचे पैसे पेसोत. एका गारपिटीत कागद गेला की माणूस पुन्हा बटईवर येतो. एस्कोबारला मात्र बोलिव्हियनांनी स्वतःचा भाजीबाजार उभा केला आणि दलालाचा वाटा आपल्यात ठेवला. उत्पन्नाच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही.

शिवणकाम त्याहून वाईट. ब्वेनोस आइरेसच्या कारखान्यांत नगावर पैसे, यायचं भाडं आगाऊ देऊन पगारातून कापायचं, झोपायचं मशीनच्या बाजूलाच. ३० मार्च २००६ ला लुईस विआले रस्त्यावरच्या अशाच एका कारखान्याला आग लागली, सहा जण गेले, त्यात बहुतेक लहान मुलं. एका बाजूला लॉस एंजेलिसचा कापडाचा इराणी घाऊक व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला ब्वेनोस आइरेसचा बोलिव्हियन शिवणारा : धंदा एकच, साखळीतली जागा वेगळी. प्रकल्पात एक पान यावर नक्की घाला.

वर्धारोड_४४

खूप आभार सगळ्यांचे. एमडॅटवर दोन्ही देश निवडून फाइल मिळाली, उघडली पण. घरी पाठवायच्या पैशांचा विचार कसा करायचा? तो खर्च रकान्यात दिसत नाही.

इतवारीकर

नाही दिसणार, फाइलीत तो प्रश्नच नाही. बोलिव्हियाला बाहेरून वर्षाला १०० कोटी डॉलरहून जास्त येतात, आर्बिएतोच्या पीचच्या बागा आणि कुलूपबंद दुमजली घरं त्यातूनच उभी आहेत. म्हणजे व्हर्जिनियातल्या कमाईचा एक तुकडा तिथे संपत्ती होत नाही, कोचाबांबात होते. इराण्यांत निर्बंधांमुळे बँकेतून थेट पैसे धाडता येत नाहीत. घरच्यांसाठी पाठवायला मुभा असली तरी तिसऱ्या देशातून फिरवावे लागतात. म्हणून सर्राफामार्फत, म्हणजे चलन बदलून पैसे पोचवणाऱ्यामार्फत, व्यवहार चालतो. आपला सराफ शब्द तिथूनच आला. तिथे अधिकृत आकडे कमी दिसतात याचा अर्थ पैसा जात नाही असा काढू नका.

भांडवल जमवायची रीत दोघांची आपल्या भिशीसारखी. बोलिव्हियन त्याला पासानाकू म्हणतात, इराण्यांत नात्यातली संदूक असते. फरक रकमेत आणि उद्देशात. पासानाकूचा हप्ता बहुधा गाडी, अवजारं, गावाकडचं घर यात जातो.

गणिताची_वही

ताई, फाइल हाती आहेच तर घराच्या मालकीचा टीईएन रकाना पण काढून ठेवा. १ म्हणजे कर्जाचं घर, २ म्हणजे कर्ज फिटलेलं, ३ भाड्याचं. ६५ वर्षांवरच्या इराण्यांत उत्पन्न कमी आणि टीईएन २ अशी घरं वेगळी मोजा, आणि कमी उत्पन्न व टीईएन ३ वेगळी. पहिल्या प्रकारच्या घरमालकाला उत्पन्नाच्या तक्त्यावरून गरीब ठरवाल तर चूक होईल. दुसरा प्रकार खरोखर हलाखीचा, मदतीच्या पेन्शनवर जगणारा. हीच विभागणी बोलिव्हियनांची ४५ ते ६४ वयात करा. त्यांच्यात ६५ वरचे इतके थोडे सापडतील की मध्यक काढता येणार नाही. प्रत्येक मध्यकाशेजारी नमुन्यातली माणसं किती ते लिहा, आणि १०० पेक्षा कमी असतील तर तो रकाना मोकळाच ठेवा.