विषय: स्वस्त पंप-अ‍ॅक्शन बंदूक ऐन वेळी दगा देते का?

प्रेषक: मंदार, ऑस्टिन

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हिशेबाचे मेल चालू असताना मध्येच वेगळा विषय काढतोय. आम्ही गावाबाहेर थोडी जमीन घेतली आहे आणि रानडुकरांनी तिथे उच्छाद मांडलाय. शिवाय मित्रांबरोबर मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला जातो, तेव्हा दर वेळी दुसऱ्याची बंदूक मागून घ्यावी लागते. म्हणून १२ बोअरची पंप-अ‍ॅक्शन घ्यायचं ठरवलंय. मॅव्हरिक ८८ अडीचशे डॉलरच्या आसपास मिळते. दुकानदार म्हणतो, "स्वस्ताच्या मागे लागू नका, ऐन वेळी अडकेल," आणि तिप्पट किमतीची पुढे करतो. पैसे द्यायला माझी ना नाही, पण ते नक्की कशाचे द्यायचे हे कळायला हवं. काका, ओहायोत असताना तुम्ही या बंदुका उघडून दुरुस्त करत होतात. तुमचं काय मत?

मंदार

---

प्रेषक: काका, चिंचवड, पुणे

प्रिय मंदार,

जास्तीचे पैसे बहुतेक करून फिनिशिंगचे असतात. आतल्या यंत्रणेतला फरक त्या मानाने फार थोडा.

सेमी-ऑटोमॅटिक बंदूक काडतुसाच्या जोरावर चालते, पंप तुझ्या हाताच्या जोरावर. पुढची मूठ मागे ओढलीस की बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दट्ट्या, सुटतो, त्याचा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, रिकामं काडतूस चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) खेचतो, इजेक्टर ते बाहेर फेकतो आणि नवीन काडतूस उचलणीवर येतं. मूठ पुढे ढकललीस की ते आत बसून बोल्ट पक्का होतो. मॅव्हरिक ही मॉसबर्गचीच स्वस्त बंदूक आहे आणि तिची यंत्रणा मॉसबर्ग ५०० ची. ५०० बाजारात आहे १९६१ पासून, रेमिंग्टन ८७० तर १९५० पासून. इतक्या वर्षांत या रचनांमधलं कच्चं काय आणि पक्कं काय, ते केव्हाच बाहेर आलंय.

रिसीव्हर अ‍ॅल्युमिनियमचा आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील (रिसीव्हर म्हणजे ही यंत्रणा बसते ते बाहेरचं घर). त्यांचं ऐकू नकोस. बार उडतो तेव्हा बोल्टमधला लॉकिंग ब्लॉक वर उचललेला असतो आणि नळीच्या मागच्या पोलादी भागातल्या खाचेत अडकलेला असतो. दाब पोलाद झेलतं, रिसीव्हरवर तो भार येतच नाही. ८७० मध्ये रिसीव्हर पोलादी आहे, पण कुलूप तिथेही असंच नळीतच लागतं.

उलट दुरुस्तीच्या दृष्टीने मला मॉसबर्ग जास्त आवडते. तिचा इजेक्टर स्क्रूने बसवलेला, घरच्या घरी बदलता येतो. ८७० चा रिव्हेट केलेला, त्यासाठी कारागीर लागतो. मॉसबर्गला एक्स्ट्रॅक्टर दोन, ८७० ला एक.

मग बंदूक अडकते कुठे? चेंबरमध्ये. ओहायोत एकाने माझ्या टेबलावर बंदूक आणून ठेवली, नवीकोरी, कंपनीचं नाव इथे घेत नाही. काडतूस आत रुतलं की तो दस्ता जमिनीवर आपटून मूठ मागे ओढायचा. मी नळी काढून चेंबरमध्ये टॉर्च मारला. रीमरने, म्हणजे भोक साफ करायच्या हत्याराने, सोडलेल्या कडा गोल गोल वळ्यांसारख्या दिसत होत्या. काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला, तर कापसाचे धागे त्या कडांना लटकून राहिले. त्यात हा वापरत होता सगळ्यांत स्वस्त काडतुसं, ज्यांचं बूड पितळेऐवजी पोलादाचं, वर नुसता पितळी मुलामा. बार उडाला की बूड फुगतं. पितळ लगेच आकसून मोकळं होतं, पोलाद तितकं आकसत नाही आणि त्या कडांना धरून बसतं. ब्रशला अगदी बारीक स्टील वूल गुंडाळून चेंबर घासून दिलं आणि तीच काडतुसं सरसर बाहेर यायला लागली. भोसरीतल्या टूलरूममध्ये बोअरचं फिनिश बोटाने जोखणारी माणसं मी आयुष्यभर बघितली आहेत. त्या बंदुकीला कारखान्यात असं बोट लागलंच नव्हतं. महाग बंदुकीत तू पैसे मोजतोस ते या बोटाचे.

तेव्हा दुकानात नळी काढून दाखवायला सांग आणि चेंबर बघ. रिकाम्या बंदुकीची मूठ सावकाश पुढेमागे करून कुठे खरखर लागते का, तेही बघ. घरी आणल्यावर कारखान्यातलं चिकट ग्रीस पूर्ण पुसून हलकं तेल दे. हे न करताच पुष्कळ जण "जाम झाली" म्हणून बोंब मारतात.

दुसरं कारण हात. घाईत मूठ अर्ध्यातूनच पुढे ढकलली की रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही, नाहीतर नवीन वर येत नाही. हे हजार डॉलरच्या बंदुकीतही होतं. मूठ शेवटपर्यंत ओढायची, कचकून. त्याला सरावाशिवाय इलाज नाही, आणि सरावाला काडतुसं लागतात. वाचलेले पैसे तिथे घाल.

काका

---

प्रेषक: वहिनी, न्यू जर्सी

काका, एक्स्ट्रॅक्टरचं सगळं पटलं. पण आमचे हे खाऱ्या दलदलीत बदकांच्या शिकारीला जातात. पहिली स्वस्त बंदूक एका हंगामात तांबेरली, बोल्ट ओढताना किरकिर करायला लागली. मग बेनेली नोव्हा घेतली. तिचा दस्ता आणि रिसीव्हर एकसंध पॉलिमरचे, आत पोलादाचा आधार. पावसात, चिखलात कधी तक्रार नाही. तेव्हा महाग ते निव्वळ दिखाऊ, असं कुणी समजू नये. आणि मंदार, घरात लहान मुलं आहेत ना? कुलपाची पेटी बंदुकीच्या आधी घे. काडतुसं वेगळ्या कुलपात.

---

प्रेषक: काका, चिंचवड, पुणे

वहिनी, खाऱ्या पाण्यासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. गंजाच्या बाबतीत किंमत दिसतेच. ८७० मध्येच बघा. १९८७ ला स्वस्त एक्सप्रेस आली, तिचं वरचं फिनिश खरखरीत, मॅट. ओल धरून ठेवतं. महागाच्या विंगमास्टरचं पॉलिश करून ब्लू केलेलं, म्हणजे गंज रोखायला निळसर-काळा थर दिलेलं, त्यावरचं पाणी पुसलं की गेलं. इथे पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या कानशींचे दात गंजतात, बंदुकीला तर रोज तेलाचा हात हवाच. मंदारच्या शनिवारच्या तबकड्यांसाठी मात्र तेलाचं फडकं पुरेल.

मंदार, काही गोष्टी राहिल्या. मॅव्हरिकचा सेफ्टीचा खटका चापाच्या कड्यात आडवा असतो, ५०० चा वर, अंगठ्याखाली. तू डावखुरा आहेस, तुला अंगठ्याखालचा खटका सोयीचा. त्या एका कारणासाठी ५०० घेतलीस तरी मी पैसे वाया गेले म्हणणार नाही. मॉसबर्गचीच ५९०ए१ अमेरिकी सैन्याच्या ३४४३ मानकाच्या ३००० बारांच्या चाचणीत उतरलेली आहे, पण तिची जाड नळी आणि चापाचं धातूचं घर तुला तबकड्यांवर नुसतं ओझं होईल. आणि ८७० च्या परदेशी नकला मिळतात, स्वस्त असतात. त्यातल्या काही उत्तम चालतात, पण पाच वर्षांनी एक्स्ट्रॅक्टर तुटला तर तो नेमका बसेल असा मिळेलच याची खात्री नाही. मॅव्हरिकला ५०० चे बरेचसे सुटे भाग चालतात, नळ्यासुद्धा. विश्वासार्हता मी यात धरतो.

दिवाळीला पुण्याला येतोयस असं तुझी आई म्हणाली. शिकारीला नेतोस ती सॅक विमानाला आणू नकोस. आणलीसच तर सगळे खण उलटे करून झटक. एक जिवंत काडतूस तळाशी राहिलं आणि लोहगाव विमानतळावर तपासणीत सापडलं, तर परवाना नसल्यामुळे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. अमेरिकेतला कागद इथे चालत नाही. सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जाईल.

काका