उकळतं सांडून पोळलेली कातडी: जखम भरणं, व्रण आणि पुढचं वर्ष (अनुभव धागा)

धागा काढताना थोडं: आपल्याकडे गुऱ्हाळं पेटली, दिवाळीचं तळण सुरू झालं किंवा जत्रेच्या महाप्रसादाला मोठी पातेली चढली की पोळलेली माणसं दवाखान्यात येऊ लागतात. वर्षभर चहा, दूध आणि आंघोळीचं कढत पाणी असतंच. जखम भरली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि व्रण मात्र त्यानंतरच वाढायला लागतो. म्हणून या कामात रोज हात असलेल्यांना लिहायची विनंती केली आहे. आपली कहाणी नको. काय करायचं, किती, कधी आणि कशानं बिघडतं, तेवढं लिहा.

परिचारिका, अपघात विभाग, बेळगाव

वाहतं गार पाणी, पूर्ण वीस मिनिटं. घड्याळ लावून धरा, कारण दोन मिनिटांत आग कमी वाटते आणि लोक हात बाहेर काढतात. कातडीच्या आतल्या थरात उष्णता तेव्हाही उतरत असते. पोळून तीन तास होईपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, म्हणून खानापूरच्या आतल्या गावातून निघायला उशीर होणार असेल तर आधी वीस मिनिटं पाणी, मग गाडी. बर्फ लावू नका. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम खोल जाते.

अथणी, रायबागकडे उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच कढत असतं. आधी थोडं सोडून द्या, नाहीतर विहिरीचं घ्या. पाणी थोडंच असेल तर खाली घमेलं ठेवून तेच तांब्यानं पुन्हा पुन्हा ओता, कोमट झालं की बदला. लहान मुलाची फक्त जखम गार करायची, बाकी अंग पांघरुणात ठेवायचं, नाहीतर मूल गारठतं.

पाणी चालू असतानाच बांगड्या, अंगठ्या, जोडवी, करगोटा काढा. तासाभरात सूज चढली की अंगठी कापावी लागते. भिजलेला कपडा लगेच उतरवा, पण चिकटला असेल तर भोवतीनं कापा, ओढू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, पीठ, शेण यांतलं काही लावलं की ते खरवडून काढल्याशिवाय जखम दिसत नाही, आणि खरवडताना चांगली कातडीही जाते. नंतर स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि निघा. १०८ ला फोन करा.

गुऱ्हाळाच्या कामातला, चिकोडी तालुका

पाण्यानं पोळणं वेगळं आणि रसानं पोळणं वेगळं. काकवी उतरवतात तेव्हा रस १०५ ते १०६ अंशांवर असतो, गुळाचा पाक ११६ ते ११८ वर. पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक चिकटून बसतो आणि बसल्या जागी भाजत राहतो. हाताला लागलेला पाक पुसायला किंवा सोलायला गेलात तर कातडी त्याच्याबरोबर येते. पाण्याखाली धरा, गूळ विरघळतो, आपोआप सुटतो. वीस मिनिटं तो सुटल्यानंतर मोजा.

काहिलीपासून (रस उकळायची मोठी कढई) चार पावलांवर स्वच्छ पाण्याचं पिंप आणि तांब्या हंगामभर भरलेला असावा. रसाची मळी काढायचं भांडं बुडवलेलं पाणी यासाठी वापरू नका. गमबूट घालत असाल तर पॅन्ट बुटाच्या बाहेर ठेवा. बुटात गेलेला पाक बाहेर पडत नाही, घोट्याची जखम सगळ्यात खोल असते.

सर्जन, बेळगाव

खोली पहिल्या दिवशी नीट कळत नाही. पोळल्याची जखम ४८ ते ७२ तास खोल जात राहते, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवणं हे टाळण्यासारखं नाही. नुसती लाली, फोड नाही: आठवड्यात बरी, डाग बहुधा नाही. फोड फुटून खाली ओला गुलाबी भाग, बोटानं दाबलं की पांढरा पडतो आणि सोडल्यावर रंग भरतो, खूप दुखतं: दोन आठवड्यांत भरते. खाली पांढरट-लाल ठिपके, दाबल्यावर रंग बदलत नाही, दुखणंही कमी: ही खोल जखम. लोक 'दुखत नाही म्हणजे बरं आहे' समजतात. तिथे दुखणं जाणवून देणाऱ्या नसाच भाजलेल्या असतात.

व्रणाचं गणित दिवसांचं आहे. दोन आठवड्यांच्या आत भरलेल्या जखमेचा जाड व्रण क्वचित होतो. तीन आठवड्यांवर गेली की जाड, उंच, खाजरा व्रण होण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून तीन आठवड्यांत भरणार नाही असं दिसलं की त्याआधीच मांडीवरून पातळ कातडी घेऊन लावायचा सल्ला देतात. घरच्यांना वाटतं डॉक्टर घाई करतायत. महिनाभर ड्रेसिंग करत बसल्यावर हाती येणारा व्रण लावलेल्या कातडीपेक्षा जास्त वाईट असतो.

मोजमाप असं: रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. मोठ्या माणसात १५ टक्क्यांवर, मुलात १० टक्क्यांवर फोड असले तर सलाईन लागतं, भरती व्हायचं. चेहरा, हात, पाय, जांघ, सांधा यांवर लहान जखम असली तरी तज्ज्ञाकडेच. निपाणी-चिकोडीकडून कोल्हापूर किंवा मिरज जवळ पडतं, बैलहोंगल-सौंदत्तीकडून बेळगाव किंवा हुबळी. पहिल्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

ड्रेसिंग करणारी सिस्टर, निपाणी

फोडांवर इथे वाद होणारच. माझं मत: छोटा, न दुखणारा फोड तसाच ठेवा. मोठा, टणक किंवा सांध्यावरचा फोड दवाखान्यात निर्जंतुक हत्यारानं उघडून मेलेली कातडी काढलेली बरी, तो पुढे घाणेरड्या जागी फुटणारच असतो. घरी सुई टोचू नका.

ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी. जुनी पट्टी कोरडी ओढली की नुकती आलेली कातडी फाटते आणि जखम आठवडाभर मागे जाते. सलाईननं भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग सोडवा. सलाईन नसेल तर एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, झाकून गार करा, त्याच दिवशी वापरा. धुतल्यावर पॅराफिनच्या (मेणचट, न चिकटणाऱ्या) जाळीचे दोन थर, त्यावर गॉजची जाड घडी, मग बँडेज. कापूस थेट जखमेवर कधीच नाही, त्याचे तंतू आत रुततात. बोटं असतील तर प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा, एकत्र बांधली की दोन बोटांमधली कातडी जोडून जाते. बँडेज बोटांच्या टोकाकडून वर जायचं, वरून खाली नाही, नाहीतर सूज टोकाला साठते.

पट्टीवर पिवळसर ओल दिसली म्हणजे पू असं नाही. चांदीच्या पांढऱ्या मलमाचा (सिल्व्हर सल्फाडायझिन) जखमेवर असाच पिवळट थर जमतो. पू ओळखायचा तो असा: तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढतंय, भोवतीची लाली पसरतेय, वास येतो, हिरवट स्राव किंवा ताप. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जखम अगदी लहान असली तरी पहिल्या काही दिवसांत जोराचा ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब किंवा मूल सुस्त झालं, तर त्याच तासाला दवाखाना. जंतूंचं विष रक्तात गेलेलं असू शकतं, आणि जखम वरून स्वच्छ दिसते.

केळीच्या पानाबद्दल विचारणा येते. मुंबईत डॉक्टरांनी केळीचं पान आणि उकडलेल्या बटाट्याची सालं पट्टी म्हणून वापरून पाहिली आहेत आणि ती चिकटत नाहीत हे खरं. पण ती निर्जंतुक केलेली. परसातलं पान तोडून लावायचं नाही.

औषध दुकान, खानापूर

चांदीचं मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागतात, म्हणून लिहितोय. सल्फाची ॲलर्जी असेल किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ते द्यायचं नाही. वरवरच्या जखमेला ते लावलं तर भरायला उशीर होतो, आणि तपासणीच्या आधी लावलं तर खोली ठरवता येत नाही. स्टेरॉइड असलेली 'गोरं करणारी' ट्यूब नव्या कातडीला लावू नका, ती पातळ होऊन फाटते.

फिजिओथेरपिस्ट, चिकोडी

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सविस्तर लिहिते. रुग्णाला ज्या स्थितीत बरं वाटतं, त्याच स्थितीत सांधा आखडतो. पोळलेला कोपर माणूस वाकवून धरतो, मान खाली घालतो, गुडघा दुमडतो. भरणारी जखम आकसते आणि सांधा तिथेच बांधला जातो.

मानेच्या पुढच्या भागावर पोळलं तर उशी काढा, खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, हनुवटी वर. काखेला: हात बाजूला, खांद्याशी काटकोनात, उशीवर. कोपर आणि गुडघा सरळ. घोटा काटकोनात, पाय लोंबता ठेवू नका. हाताच्या पाठीवर पोळलं तर मनगट थोडं मागे, बोटांचे मुळातले सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, पुढची बोटं सरळ. यासाठी रात्री स्प्लिंट (सांधा त्याच स्थितीत धरणारा आधार) बांधतात. हालचाल पहिल्या दिवसापासून. फक्त नव्यानं लावलेल्या कातडीला सुरुवातीचे दिवस विश्रांती लागते, ती पट्टी साधारण पाचव्या दिवशी उघडतात. तोवर सर्जन सांगतील तेवढंच.

जखम पूर्ण बंद झाल्यावर, नवी कातडी मजबूत झाली की मालिश. अंगठ्यानं व्रणावर एवढा दाब द्या की तो फिका पडेल, मग गोल, उभं आणि आडवं. एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. नुसतं वरून तेल चोळण्याचा उपयोग नाही, खालच्या थरावरून कातडी सरकली पाहिजे. फोड आला किंवा कातडी उघडली तर तेवढा भाग थांबवा.

आशा कार्यकर्ती, हुक्केरी तालुका

सिस्टरबाईंनी घरातल्या पथ्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मी. अंडं, मासे, वांगं, हरभरा 'जखम चिघळते' म्हणून बंद करतात आणि माणूस भात-पेजेवर येतो. कातडी प्रथिनांपासूनच तयार होते. अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध, मासे खाऊ द्या, मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. तंबाखू आणि विडी मात्र खरोखर बंद. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त पोचत नाही. निपाणीच्या पट्ट्यात हे सांगणं सोपं नाही, तरी प्रत्येक भेटीत सांगावं लागतं.

खाजेनं लोक हैराण होतात, विशेषतः रात्री. नवी कातडी कोरडी असते, तेल तयार करणाऱ्या ग्रंथी जळलेल्या असतात. बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल दिवसातून तीन-चार वेळा, पण जखम पूर्ण बंद झाल्यावरच. नखं कापा, खाजवण्याऐवजी गार ओलं फडकं दाबा. डॉक्टर ॲलर्जीची गोळी देतात, तेवढ्यानं न भागल्यास दुसरी औषधं आहेत. शेतात जाणाऱ्यांनी वर्षभर पूर्ण बाह्यांचं सुती कापड घालावं, उघड्या भागाला ऊन अडवणारं एसपीएफ ३० चं क्रीम. नव्या कातडीवर ऊन पडलं तर काळा डाग वर्षभर टिकतो.

प्रेशर गारमेंट आणि सिलिकॉनचं काम, बेळगाव

व्रण जाड होऊ नये म्हणून लावायची सिलिकॉनची पट्टी भरून बंद झालेल्या जखमेवरच. पहिल्या दिवशी दोन-चार तास, हळूहळू वाढवत दिवसातले बारा तास किंवा जास्त, किमान दोन-तीन महिने. रोज सौम्य साबणानं पट्टी आणि कातडी दोन्ही धुवा, नाहीतर घामोळं येतं आणि लोक 'सिलिकॉन सोसत नाही' म्हणून सोडून देतात. एप्रिल-मेमध्ये पट्टी नकोच वाटली तर जेल वापरा: पातळ थर, दोन वेळा, चार-पाच मिनिटं वाळू द्या.

व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे (प्रेशर गारमेंट) दिवसातले २३ तास, व्रण फिका आणि मऊ होऊन बसेपर्यंत म्हणजे साधारण वर्षभर, कधी दीड. दोन जोड लागतात, एक अंगात, एक धुण्यात. गरम पाणी, पिळणं आणि कडक ऊन यांनी इलॅस्टिक सैल होतं. दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा घ्या. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा आणि आमच्याकडे आणा. स्वतः उसवून ढिले करू नका.

सर्जन, पुन्हा

व्रण पहिले तीन ते सहा महिने लाल आणि उंच होत जातो, मग वर्ष-दीड वर्षात बसतो. हा चढ पाहून घाबरून मलमं बदलू नका. जखमेच्या हद्दीतच राहिला तर तो जाड व्रण. हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर पसरला तर केलॉइड. त्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं आत इंजेक्शनं लागतात, नुसता कापून काढला तर पुन्हा वाढतो. अनेक वर्षं जुन्या व्रणावर न भरणारी जखम झाली तर तुकडा तपासायला पाठवणं आवश्यक, तिथे कर्करोग होऊ शकतो.

मुलांचं वेगळं: मूल उंच होतं, व्रण तसा ताणला जात नाही. दुसरीत असताना सरळ होणारा कोपर पाचवीत आखडलेला दिसतो. वाढ संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी दाखवा, आणि हात वर न जाणं, बोट पूर्ण न उघडणं हे शाळेच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलू नका.