मदत हवी आहे: मित्रांना आरमारी मिनिएचर गेमची गोडी कशी लावू?

मंडळी, आमचा कोथरूडचा ग्रुप गडकिल्ल्यांसाठी वेडा. सिंहगडावर तासभर वाद घालतील, पण मी टेबलावर १:१२०० प्रमाणातली शिडाची छोटी मॉडेल जहाजं मांडली की “ही खेळणी कसली रे?” म्हणत मोबाईल काढतात. पुण्याला समुद्र नाही, हे कारणही झालं सांगून! ट्रॅफल्गरच्या समुद्री लढाईचं (ब्रिटिशांची २७ विरुद्ध फ्रेंच-स्पॅनिशांची ३३ जहाजं) तर नावही काढू देत नाहीत.

म्हणून आता १६७९ ची खांदेरी बेटाची मराठे-इंग्रज लढाई मांडायचा विचार आहे. एकीकडे शिवाजी महाराजांच्या आरमारातले दौलतखान, मायनाक भंडारी यांची गलबतं, दुसरीकडे कॅप्टन केग्विनचं ‘रिव्हेंज’ आणि बाकीची इंग्रज जहाजं. मला यात मजा वाटते ती वाऱ्याची. गलबतं वल्ह्यांवर चालतात, वारा पडला की त्यांचंच राज्य. ‘रिव्हेंज’ला शिडं भरायला वारा हवा, पण तिच्या बाजूच्या तोफांच्या टप्प्यात आडवं गेलात तर संपलात. गोष्ट ओळखीची असल्यामुळे नियम आपोआप गळी उतरतील, असा माझा अंदाज.

पण पहिला डाव दीड तासाच्या आत संपवायचा तर काय काय गाळू? दारूगोळ्याचा हिशोब तर नक्कीच काढतोय. वाऱ्याची दिशा फाशाने बदलावी की ठरलेली ठेवावी? प्रत्येकाला एकच जहाज द्यावं का? आणि गुराब (मराठा आरमारातलं मोठं लढाऊ जहाज) आणि गलबतांची थ्रीडी प्रिंटची फाईल कुणाकडे आहे का? फ्रिगेटला (युरोपियन शिडाच्या युद्धनौकेला) गलबत म्हणून खपवलं तर आमच्यातला एक जण खेळच सोडून भाषण ठोकेल.