आजोबा आणि बेली साहेबांचे पूल

सिन्नरकर:
माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत होते, इटलीत. "आम्ही बेली साहेबाचे पूल टाकले," असं सांगायचे. त्यांचं डावं बोट पुलाच्या कामात चेचलं होतं. आजी म्हणायची, साहेबाशी त्यांची चांगली ओळख होती. पुलाचा शोध लावणारे डोनाल्ड बेली ते हेच ना? भेट झाली असेल का? मुलीला खरं तेच सांगायचंय.

देवळालीवाला:
हो, तेच. पण बेली सैनिक नव्हते. इंग्लंडात क्राइस्टचर्चला युद्धखात्याच्या प्रयोगकेंद्रात ते मुलकी इंजिनिअर होते, त्यामुळे इटलीत भेट होणं अवघड. ओळख होती ती त्यांच्या कामाशी, आणि ती मला मोठी वाटते. पुलाची एकेक पोलादी चौकट 10 फूट लांब, साधारण 260 किलोची. सहा जण ती उचलायचे, क्रेन नाही. पिना ठोकून चौकटी जोडायच्या आणि तयार पूल रोलरांवरून पुढे ढकलत नदीपलीकडे न्यायचा. समोरून मारा चालू असला तरी. बोट चेचणं सहज शक्य आहे. बेलींना 1946 मध्ये सर किताब मिळाला. आजोबांसारख्यांची नावं मात्र घरच्यांनीच जपायची असतात, म्हणून लिहून ठेवा.

नाशिकरोडची सून:
पेटीत लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचा तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक, आहे का बघा, तो इटलीचा. पेन्शनच्या कागदावर सेवा क्रमांक असेल. तो घेऊन खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या केंद्राला पत्र टाका.

सिन्नरकर:
तारा आहे! फीत विटलीय, पण हिरवा पट्टा दिसतो. कागद मामांकडे आहेत, रविवारी जातो.