मदत हवी आहे: गालापागोससाठी पश्चिमेचा मार्ग घ्यावा की एस्पान्योलाचा?

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरमध्ये आई आणि मी पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर जायचं म्हणतोय. बोटीवरच राहायचं, एवढं ठरलंय. अडलंय ते मार्गापाशी.

मला ओढ आहे ती पश्चिमेकडच्या फर्नांडिना आणि इसाबेलाची. फर्नांडिनाचा ज्वालामुखी अजून जागृत आहे. तिथल्या काळ्या लाव्हावर सागरी इग्वाना (मोठे सरडे) एकमेकांच्या अंगावर पसरून ऊन खातात आणि नाकपुड्यांतून खारट पाणी फुर्रकन उडवतात. न उडणारा पाणकावळा तर जगात या दोनच बेटांवर आहे! पण आईचा जीव अडकलाय अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांमध्ये, आणि त्यासाठी आग्नेयेचं एस्पान्योला बेटच गाठावं लागतं. डिसेंबरअखेर ते समुद्रावर निघून जातात. एका आठवड्यात दोन्ही टोकं बसवणारी बोट मला तरी सापडली नाही.

तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, नोव्हेंबरात एस्पान्योलावर अल्बट्रॉसची पिल्लं नीट दिसतात का? आईला बोट फार लागते, म्हणून हे जास्त महत्त्वाचं: सोळा प्रवाशांची कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) बरी की मोठं जहाज? रात्रीच्या प्रवासात कुठल्या टप्प्यावर जास्त हेलकावे बसतात? आणि खडकाळ किनाऱ्यावर डिंगीतून (छोट्या होडीतून) उतरताना गुडघे दुखणाऱ्या माणसाला कितपत जमतं? गाइड हात देतात हे वाचलंय, पण प्रत्यक्ष अनुभव हवा आहे.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क २०० डॉलर आहे ते माहीत आहे, त्यामुळे खर्चाचं नको, समुद्राचं सांगा.